दुर्बिणीची बैठक

दुर्बीण पाहायला आलेला माणूस प्रथम तिच्या नळीकडे पाहतो, मग नळीच्या तोंडातून आत डोकावून आरसा शोधतो आणि शेवटी विचारतो, "फादर, हिच्यातून किती लांबचं दिसतं?" गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न आम्हांला किती वेळा विचारला गेला याची गणती नाही. मात्र ही दुर्बीण ज्या लाकडी बैठकीवर उभी आहे तिच्याविषयी, एका व्यक्तीचा अपवाद सोडला, तर आजवर कोणी चकार शब्द काढलेला नाही. यात लोकांचे काही चुकते असे नाही. आरंभी आमचेही तसेच झाले होते. ते कसे झाले आणि त्यापायी आम्हांला काय शिकावे लागले, हे प्रांजळपणे सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

ही दुर्बीण आमच्याकडे आली ती अर्धवट अवस्थेत. आमच्या धर्मग्रामातील एका सद्गृहस्थांची सारी उमेद जहाजावर गेली. समुद्रावर असताना जडलेला ताऱ्यांचा छंद निवृत्तीनंतरही चालू राहावा म्हणून त्यांनी 12 इंच व्यासाच्या आरशाची एक दुर्बीण विकत घेतली. हौशी निरीक्षकाच्या दृष्टीने ही मोठीच म्हणायची. दाट अंधारात माणसाच्या डोळ्याची बाहुली फार तर 7 मिलिमीटर उघडते. हा आरसा 305 मिलिमीटरांचा. नुसत्या डोळ्याच्या सुमारे 1900 पट प्रकाश तो गोळा करतो. नळी पोलादी पत्र्याची, दीड मीटर लांब, दोघांनी मिळून उचलावी अशी. परंतु तिच्याबरोबर आलेली बैठक लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांची होती. कोरड्या हवेच्या मुलखात ती कितीतरी वर्षे टिकली असती. वसईचा एक पावसाळा तिला पुरेसा झाला. फळ्या पाण्यात पडलेल्या पावासारख्या फुगल्या, स्क्रूंनी जागा सोडली आणि एके दिवशी सारा डोलारा ओट्यावरच बसला. नशिबाने त्या वेळी नळी आत खोलीत होती. ते गृहस्थ आमच्याकडे येऊन म्हणाले, "फादर, आता माझ्याच्यानं हे होणार नाही. नळी घेऊन जा. मुलांना दाखवा."

आम्हांला नाही म्हणवेना, कारण त्या मोहात आम्ही फार पूर्वीच सापडलो होतो. 1997 साली आम्ही गोरेगावच्या सेमिनरीत शिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यात होतो. त्या वर्षी मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी वायव्येकडे हेल-बॉपचा धूमकेतू नुसत्या डोळ्यांनी दिसत असे. सायंप्रार्थना आटोपली की आम्ही चार-सहा जण गच्ची गाठायचो. कोणीतरी आणलेली एक जुनी द्विनेत्री होती. ती हातात धरली की हाताच्या कापण्याबरोबर धूमकेतूही कापायचा. कठड्यावर टेकवली की स्थिर व्हायचा. बैठकीचा पहिला धडा खरे तर तेव्हाच मिळाला होता. पण मिळालेला धडा आणि शिकलेला धडा यांत अंतर असते. असो.

दुर्बीण जितक्या पट मोठे दाखवते तितक्याच पट आपले थरथरणेही मोठे करते, हे ध्यानात घेतले म्हणजे बैठकीचे महत्त्व कळते. शिवाय आकाश थांबत नाही. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते. 150 पट मोठे दाखवणाऱ्या नेत्रिकेतून, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातून पाहिले, तर ग्रह नजरेच्या वर्तुळात एका कडेने शिरतो आणि साधारण सव्वा मिनिटात दुसऱ्या कडेने निघून जातो. त्याला वर्तुळात धरून ठेवायचे तर दुर्बीण सतत थोडी थोडी सरकवत राहावी लागते. मोठमोठ्या वेधशाळांत हे काम यंत्रे करतात. गरिबाच्या दुर्बिणीत ते एका बोटाने करायचे असते. म्हणून तिच्या बैठकीकडून दोन परस्परविरुद्ध गोष्टींची अपेक्षा असते : ढकलली की ती विनातक्रार सरकली पाहिजे आणि सोडली की तिथल्या तिथे थांबली पाहिजे.

या दोन्ही गोष्टी साध्या लाकडाच्या खोक्यात बसवून दाखवणारा माणूस एक संन्यासी होता, हे आम्हांला या निमित्तानेच कळले. जॉन डॉबसन यांचा जन्म 1915 सालचा, बीजिंगमधला. रसायनशास्त्राची पदवी घेऊन 1944 मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात दाखल झाले. विश्वाचा अभ्यास करायचा तर ते पाहायला हवे आणि सर्वांनी पाहायला हवे, असे त्यांच्या मनाने घेतले. हाती पैसा नव्हता. तेव्हा जहाजाच्या खिडक्यांच्या टाकाऊ जाड काचा घासून त्यांनी आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळ्या वापरल्या आणि लाकडाच्या खोक्यांच्या बैठकी बनवल्या. दुर्बिणी घेऊन ते आसपासच्या मुलांकडे जात. मठातील त्यांच्या अशा अनुपस्थितीवरून कुरबुरी झाल्या आणि 1967 साली त्यांना मठ सोडावा लागला. पुढल्याच वर्षी त्यांच्याभोवती 'सॅन फ्रान्सिस्को साइडवॉक अॅस्ट्रॉनॉमर्स' ही मंडळी जमली. रस्त्याच्या कडेला दुर्बीण मांडायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला बोलावून चंद्र दाखवायचा, हे त्यांचे काम. 2014 मध्ये डॉबसन वारले. आपल्या बैठकीचे स्वामित्वहक्क त्यांनी घेतले नाहीत. म्हणूनच आज ती जगभर कोणीही करते. आम्ही स्वतः आमच्या महागुरूंना आज्ञापालनाचे वचन दिलेले आहे. त्यामुळे त्या मठाधिपतींचीही बाजू आम्हांला समजते आणि डॉबसन यांच्याविषयी आदरही वाटतो. दोन्ही एकाच वेळी वाटू शकते.

तर अशी बैठक करायचे ठरले. आमच्या धर्मग्रामात एक वयोवृद्ध मेस्त्री आहेत. आमच्या चर्चमधली अर्धी बाके त्यांच्या वडिलांच्या हातची, उरलेली त्यांच्या. आम्ही पुस्तकातले चित्र घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसून चित्र न्याहाळले आणि म्हणाले, "घंटा टांगतो तसंच आहे की हे. दोन बाजूंना दोन खुंट, ते दोन खाचांत बसायचे, आणि सगळं ओझं खाचांवर." आम्ही चकित झालो. डॉबसन यांच्या रचनेचे याहून सोपे वर्णन आम्ही वाचलेले नाही. नळीच्या दोन्ही बाजूंना तव्याएवढ्या दोन गोल चकत्या, त्या खोक्याच्या दोन भिंतींतल्या अर्धगोल खाचांत विसावलेल्या. त्यायोगे नळी वर-खाली होते. आणि ते अख्खे खोके जमिनीवरच्या एका पाटावर गोल फिरते. झाली बैठक.

मात्र हा पाट आणि खोके यांच्या मध्ये काय घालायचे, यावर आमचे बिनसले. पुस्तकात तिथे टेफ्लॉनचे तीन चपटे तुकडे दाखवले होते. आम्हांला ते फारच गावठी वाटले. जेवणाच्या मोठ्या टेबलावर मधोमध जी फिरती थाळी असते, तिच्याखाली छऱ्यांची कडी बसवलेली असते. तशीच एक मोठी कडी आम्हांला बाजारात मिळाली होती. बोट लावले की भिंगरीसारखी फिरे. याहून उत्तम ते काय? मेस्त्री म्हणाले, "फादर, ही फिरेल छान. पण थांबेल का?" आम्ही म्हणालो, "मेस्त्री, घर्षण जितकं कमी तितकं यंत्र चांगलं." मेस्त्रींनी मान हलवली. पाटाला पाय किती लावायचे, हेही त्यांनी विचारले. आम्ही चार म्हणालो. खुर्चीला चार, टेबलाला चार, मग याला कमी कशाला? त्यांनी पुन्हा मान हलवली. ती मान संमतीची नव्हती, हे आम्हांला तेव्हा कळायला हवे होते. तीस-एक वर्षे धर्मगुरू म्हणून काढल्यावर समोरच्याची प्रत्येक मान संमतीचीच वाटू लागते.

घाईलाही एक कारण होते. ख्रिस्तराजाच्या सणाच्या संध्याकाळी, म्हणजे रविवार, 23 नोव्हेंबर 2025 रोजी, मैदानात सर्वांना शनी दाखवण्यात येईल, असे आम्ही वेदीवरून जाहीर करून बसलो होतो. आदल्या रात्री बैठक तयार झाली. एका बोटाने गरकन फिरायची. युवकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या संध्याकाळी सव्वाशेच्या वर माणसे जमली. मैदानातले दिवे मालवले होते. दक्षिणेला बऱ्याच उंचीवर शनी होता. आम्ही स्वतः नेत्रिकेतून पाहून तो वर्तुळाच्या मधोमध आणला आणि रांग सुरू केली. प्रत्येकानंतर दुर्बीण किंचित सरकवण्याचे काम एका युवकाकडे दिले. आम्ही बाजूला उभे राहून शनीची माहिती सांगत होतो आणि पाहून झालेल्या प्रत्येकाला विचारत होतो, "दिसला ना?"

"दिसला, फादर."

"कडी दिसली?"

"हो फादर, कडी पण दिसली."

ऐंशी ओलांडलेल्या एक आजी आहेत. सकाळची मिस्सा त्यांनी कधी चुकवल्याचे आम्हांला आठवत नाही. त्या काठी टेकत आल्या, वाकल्या आणि बराच वेळ डोळा लावून राहिल्या. आम्ही विचारले, "आजी, दिसला ना शनी?" त्या म्हणाल्या, "दिसला हो बाबा. फार छान. देव तुमचं भलं करो." आम्ही धन्य झालो.

त्यांच्यामागे धर्मशिक्षणाच्या वर्गातला दहा वर्षांचा एक मुलगा होता. त्याने डोळा लावला, काढला, पुन्हा लावला आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "फादर, इथे तर काहीच नाहीये."

"नीट बघ."

"नीटच बघतोय. काळं आहे."

आम्ही त्याला बाजूला घेऊन नेत्रिकेला डोळा लावला. काळे होते. एक तारासुद्धा नव्हता. नळी शनीपासून चांगली वीतभर ढळलेली होती. मागे उभ्या असलेल्या युवकाकडे आम्ही पाहिले. तो खाली मान घालून म्हणाला, "फादर, नीट लावलं तरी राहत नाही. कुणाचा चष्मा लागला तरी फिरते, वारा आला तरी फिरते. पाटही डुगडुगतो." मग हे आधी का सांगितले नाहीस, असे आम्ही विचारले. त्याचे उत्तर आम्ही विसरणार नाही : "तुम्ही बोलत होता ना. मध्ये कसं बोलायचं?"

वाचकहो, आम्हांला त्या क्षणी बैठकीची लाज वाटली नाही. लाज वाटली ती त्या आजींच्या 'दिसला'ची. कारण अजून एक गोष्ट आमच्या ध्यानात आली होती. शनीची कडी आपल्याला नेहमी सारखी दिसत नाहीत. शनी सुमारे 29 वर्षांत सूर्याभोवती एक फेरी मारतो आणि त्या फेरीत दोनदा त्याची कडी आपल्याकडे धार करून येतात. तेव्हा ती जवळजवळ नाहीशी होतात. 23 मार्च 2025 रोजी तसे झाले होते. नोव्हेंबरच्या त्या दिवसांतही ती पुन्हा इतकी मिटलेली होती की दिसली असती तर केवळ एक बारीक रेघ. आम्ही मात्र भाषणाच्या भरात पुस्तकातल्या चित्राप्रमाणे रुंद, देखण्या कड्यांचे वर्णन करीत होतो. आणि माणसे 'हो' म्हणत होती. कितीतरी जणांनी आमच्या शब्दाखातर, आमचे मन राखण्याखातर, काळोखाकडे पाहून 'दिसला' म्हटले होते. मग मनात आले : आजवर वेदीवरून, वर्गातून, घरोघरच्या भेटींतून आम्ही 'समजलं ना?' असे जेव्हा जेव्हा विचारले आणि लोकांनी मान डोलावली, त्यांतल्या किती वेळा त्यांच्यापुढे असाच काळोख होता?

त्या रात्री झोप लागली नाही. सेमिनरीत शिकलेला इतिहासाचा एक तुकडा आठवत राहिला. 1610 साली गॅलिलिओने आपल्या दुर्बिणीतून शनी पाहिला, तेव्हा त्याला मुख्य गोलाच्या दोन बाजूंना दोन लहान गोल असल्यासारखे वाटले. पुढल्या वर्षी कार्डिनल बेलार्मिन यांनी रोमन कॉलेजातल्या येशूसंघीय गणितज्ञांना विचारले, की हा मनुष्य जे पाहिल्याचे सांगतो ते खरे आहे काय? त्यांत वृद्ध फादर क्लाव्हियस होते. आपल्या आजच्या कालगणनेमागे त्यांचे गणित आहे. या धर्मगुरूंनी स्वतः दुर्बिणीतून पाहून एप्रिल 1611 मध्ये उत्तर दिले. शनी गोल नाही, लांबट आहे, हे त्यांनी मान्य केले. परंतु बाजूचे दोन गोल मधल्या गोलापासून वेगळे असल्याचे ठामपणे म्हणता येईल इतके स्पष्ट आपल्याला दिसलेले नाहीत, असेही सांगितले. त्यांनी गॅलिलिओला खोटे पाडले नाही, आणि न दिसलेले दिसले असेही म्हटले नाही. 1612 मध्ये कडी मिटली, तेव्हा गॅलिलिओला बाजूचे गोल दिसेनासे झाले. त्याने गोंधळून जाऊन तसेच लिहून ठेवले. ती कडी आहेत हे कोडे ह्यूजेन्सने सोडवले ते पुढे अनेक वर्षांनी, 1659 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध करून. 1633 साली गॅलिलिओशी ख्रिस्तसभेचे जे वागणे झाले ते आम्हां सर्वांना ठाऊक आहे आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1992 मध्ये ती चूक उघडपणे मान्य केली, हेही. पण त्या रात्री आम्हांला राहून राहून आठवत होते ते 1611 चे उत्तर. 'इतके दिसले, इतके दिसले नाही.' आमच्या मैदानात एवढे वाक्य बोलण्याचे धैर्य फक्त एका दहा वर्षांच्या मुलाला झाले होते.

पुढच्या रविवारी, आगमनकाळाच्या पहिल्या दिवशी, सूचना वाचून झाल्यावर आम्ही त्याच वेदीवरून सांगितले, की गेल्या रविवारी दुर्बिणीतून बहुतेकांना शनी दिसलेला नाही. दोष त्यांच्या डोळ्यांचा नसून बैठकीचा होता. आणि मेस्त्रींचा सल्ला न ऐकता ती तशी आम्ही केली होती. इथे 'आम्ही' म्हणजे युवक नव्हेत, धर्मग्राम नव्हे, एकटे आम्हीच. क्षणभर शांतता पसरली. मग मागच्या बाकांवरून कोणीतरी हसले आणि बघता बघता सारे चर्च हसू लागले. ते हसणे सुटकेचे होते. मिस्सा संपल्यावर दारात एकेक जण येऊन सांगू लागला, "खरं सांगू का, फादर, मलाही काही दिसलं नव्हतं." आजी मात्र काही न बोलता आमचा हात हातात घेऊन निघून गेल्या.

दुपारी आम्ही मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी 'मी म्हटलं नव्हतं का' असे एका शब्दानेही म्हटले नाही. फक्त विचारले, "फादर, चुलीला दगड किती?"

"तीन."

"चार ठेवले तर भांडं डुगडुगतं. तीन असले की जमीन कशीही असो, तिन्ही टेकतातच."

भूमितीत तीन बिंदूंतून एकच पातळी जाते हे आम्ही शिकलो होतो, शिकवलेही होते. आमच्या स्वयंपाकघरात लहानपणी ती रोज पेटत होती, हे मात्र ध्यानी आले नव्हते.

नवी बैठक जोडायला पंधरवडा लागला. या वेळी आम्ही हाताखालचे गडी झालो. पाण्याला दाद न देणारा 18 मिलिमीटर जाडीचा प्लाय आणला. त्याचा एक गोल पाट कापला. पाटाखाली समान अंतरावर तीन पाय बसवले आणि प्रत्येक पायाच्या बरोबर वर, पाटाच्या दुसऱ्या अंगाला, आगपेटीएवढा टेफ्लॉनचा एकेक तुकडा ठोकला. टेफ्लॉनची पट्टी मुंबईच्या नागदेवी रस्त्यावरून आणली होती. खिळ्यांची डोकी टेफ्लॉनमध्ये खोल बसवली, म्हणजे ती वर घासणार नाहीत. तुकडा पायाच्या बरोबर वरच का, तर खोक्याचे ओझे सरळ पायात उतरावे आणि पाट मध्ये वाकू नये. खोक्याच्या तळाला खरबरीत पोताचा सनमायका चिकटवला. मधोमध एक जाड बोल्ट घातला. तो ओझे घेत नाही, फक्त मध्यबिंदू राखतो.

खोके जोडताना मेस्त्रींनी गुण्या लावलाच, शिवाय समोरासमोरच्या कोपऱ्यांतले अंतर दोरीने मोजले. दोन्ही कर्ण सारखे भरले तरच खोके काटकोनात. पहिल्या खोक्यात आम्ही समोरची आडवी फळी 'कशाला हवी' म्हणून गाळली होती. ती या वेळी बसली आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींचे डुलणे थांबले. प्लायच्या कडेला स्क्रू घुसवण्याआधी गिरमिटाने बारीक भोक पाडले, नाहीतर थर उकलतात. खाचांमध्येही टेफ्लॉनचे दोन-दोन तुकडे लावले. शेवटी सर्व कडांना वॉर्निशचे तीन हात दिले, कारण पाऊस प्लायच्या तोंडातून शिरत नाही, कडेतून शिरतो.

टेफ्लॉनचे मर्म आम्हांला या वेळी कळले. घरातले जड कपाट ढकलताना काय होते ते आठवावे. जोर लावला तरी ते हलत नाही, आणखी लावला की एकदम हातभर पुढे जाते. हलायला लागणारा जोर मोठा आणि हलते ठेवायला लागणारा लहान, म्हणून ही उडी. टेफ्लॉन आणि खरबरीत सनमायका यांच्या जोडीत हे दोन जोर जवळजवळ सारखे असतात. त्यामुळे हलके ढकलले तर हलकेच सरकते आणि हात काढला की जिथल्या तिथे राहते. आम्ही ज्या घर्षणाला शत्रू समजून हाकलले होते, तेच ही दुर्बीण जागेवर धरते. ते नाहीसे करायचे नसते. नेमके हवे तेवढे ठेवायचे असते. आरंभी आमची बैठक थोडी जड फिरत होती. मेस्त्रींनी टेफ्लॉनचे तिन्ही तुकडे आणि त्यांच्याखालचे पाय मध्याकडे दोन बोटे सरकवले. मग नळी समोरच्या नारळाच्या शेंड्यावर रोखली आणि आम्हांला म्हणाले, "ढकला. आता सोडा." शेंडा वर्तुळाच्या मधोमध होता. आम्ही पाच मिनिटांनी पाहिले. तिथेच होता.

आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी, 14 डिसेंबरला, पुन्हा दुर्बीण मांडली. या वेळी आम्ही भाषण केले नाही. शनी कसा दिसेल हे आधी सांगितले नाही आणि 'दिसला ना?' असेही विचारले नाही. फक्त म्हणालो, "काय दिसतं ते सांगा. काही दिसलं नाही तर तेही सांगा." पहिला मान त्या दहा वर्षांच्या मुलाला दिला. तो बराच वेळ पाहून म्हणाला, "पुस्तकातल्यासारखा नाहीये." एका गृहस्थांनी सांगितले की त्यांना नुसता पिवळा ठिपका दिसतो. त्यांचा चष्मा काढून नेत्रिका थोडी मागे घेतली, तेव्हा तो ठिपका गोल झाला. एकीला काहीच दिसेना. ती भलतीकडे डोळा लावत होती. हे सारे मोकळेपणाने बोलले गेले, म्हणून दुरुस्त करता आले. युवक अधूनमधून एका बोटाने नळी सरकवी आणि ती तिथे राही. वारा त्या दिवशीही होता.

आजी आल्या. वाकल्या. काठी त्यांनी खोक्याला टेकवली, हात खोक्यावर ठेवला. बैठक हलली नाही. आम्ही गप्प उभे होतो. कितीतरी वेळाने त्या डोळा न काढताच म्हणाल्या, "मण्यात सुई खुपसलीय."

दुर्बिणीतून त्या दिवसांतल्या शनीचे याहून अचूक वर्णन कोणी खगोलज्ञ करू शकला असता, असे आम्हांला वाटत नाही. गोल मणी आणि त्याच्या आरपार गेलेली, दोन्ही बाजूंना टोके काढणारी बारीक रेघ. हे वाक्य त्यांना कोणी शिकवले नव्हते. ते पाहिल्यावाचून सुचण्यासारखेही नव्हते.

मग त्या सरळ झाल्या. नळीकडे त्यांनी पाहिले नाही, आरशाविषयी विचारले नाही. ज्या खोक्यावर इतका वेळ हात टेकला होता, त्यावरून पुन्हा एकदा हात फिरवून त्यांनी विचारले, "बाबा, हे कोणी केलं?"

मेस्त्री रांगेच्या अगदी शेवटी, जांभळाच्या झाडाखाली उभे होते. त्यांनी अजून पाहिले नव्हते. आम्ही त्यांना हाक मारली.